फोन कुणाला करायचा?

‘एआय’, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, हा शब्द हल्ली रोज कानावर पडतो. त्यावर संशोधन करणारे प्राध्यापक करतात तरी काय? आज त्यातलं एकच काम सांगते. ते मुंबईतल्या एका संस्थेशी आणि गरोदर बायांशी जोडलेलं आहे.

डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली ‘अरमान’ संस्था सुरू केली. तिच्या ‘एममित्र’ सेवेत नाव नोंदवलं, की गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आपल्या भाषेत रेकॉर्ड केलेला फोन येतो. फुकट, दोनेक मिनिटांचा: रक्तवाढीच्या गोळ्या, लस, धोक्याची लक्षणं. पण काही आठवड्यांनी बऱ्याच जणी ऐकायचं सोडतात. फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर! मग संस्थेची ताई स्वतः फोन करून विचारपूस करते. ताया मोजक्या, बाया हजारो. फोन कुणाला करायचा?

इथं मिलिंद तांबे यांचं काम येतं. पिलानीला शिकले, १९९१ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, २०१९ पासून हार्वर्डला प्राध्यापक आहेत. पूर्वी त्यांनी लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तपासणीनाके कधी, कुठं लावायचे याचं गणित मांडलं होतं. तिथंही हाच पेच: माणसं कमी, जागा जास्त.

त्यांच्या गटानं अरमानबरोबर विचार केला तो असा. जी नेमानं ऐकतेच, तिला जादा फोन करून काय मिळणार? जी काही केल्या ऐकणार नाही, तिच्यावरही तो फोन वाया. शोधायच्या त्या मधल्या, एका फोननं परत ऐकायला लागतील अशा. त्यासाठी संगणक आधीच्या बायांच्या नोंदी तपासतो: वय, शिक्षण, फोन कुणाचा, कोणत्या वेळी येतो, तीस सेकंदांच्या वर ऐकला का. जात-धर्म त्यात धरलेला नाही, हे बरं केलं.

२०२१ साली सुमारे २३ हजार बायांवर सात आठवडे हे करून पाहिलं. एका गटाला संस्थेकडून जादा फोन नाही, दुसऱ्यात पाळीपाळीनं, तिसऱ्यात संगणक सांगेल तिला. तिसऱ्या गटात गळती सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. पाळीपाळीनं केलेल्या फोनांचा मात्र फारसा फरक दिसला नाही. आपण बचत गटात उठसूट पाळी लावतो, म्हणून मला हे वाचून जरा थांबायला झालं. अर्थात फोन ऐकला म्हणजे गोळी घेतलीच असं नाही. ते वेगळं मोजावं लागतं.

२०२२ पासून ही पद्धत ‘सहेली’ नावानं रोजच्या कामात आली. आपल्या कुणाच्या लेकीला या वाटेनं जायचं असेल, तर गणित, संख्याशास्त्र आणि संगणक पक्कं हवं. शिवाय फोन करणाऱ्या तायांशी बसून बोलायची तयारी हवी. नवऱ्याच्या खिशातला फोन पुस्तकात सापडत नाही.

आणि यादीत नाव आलंच नाही तर? त्या पाहणीत तिन्ही गटांतल्या बायांना एक सोय होती: मिस्ड कॉल दिला, की ताई उलट फोन करायची.