विमान शिकण्याचा पहिला धडा : कोनाचं गणित

क्योतो म्हटलं की देवळं, मेपलची लाल पानं आणि चहाचा समारंभ आठवतो. विमान आठवत नाही, कारण या शहराला स्वतःचा विमानतळच नाही. इथल्या ज्या हौशी मंडळींना लहान विमान चालवायला शिकायचं असतं, ती शेजारच्या ओसाका प्रांतातल्या याओ विमानतळावर जातात. मीही तिथेच गेलो. पण पहिल्या धड्याचं सार मात्र क्योतो प्रांतातच, यावाता गावी सापडतं. तिथे चक्क उड्डाणाचं देऊळ आहे : हिको जिंजा.

ते बांधलं निनोमिया चूहाची या गृहस्थांनी. सैन्यात असताना १८८९ साली त्यांनी कावळे पंख न फडफडवता, नुसते ताणून धरून हवेतून घसरत येताना पाहिले. पंख हलत नाहीत, तरी कावळा पडत नाही, हे कसं? १८९१ साली त्यांनी रबराच्या पिळावर पंखा फिरणारं छोटं विमान करून उडवलं. १८९४ साली माणूस नेणाऱ्या विमानाची योजना त्यांनी सैन्यापुढे मांडली. ती नाकारली गेली. १९०३ साली राइट बंधू उडाले.

कावळ्याचं कोडं आपणही लहानपणी सोडवलेलं आहे. एस्टीच्या खिडकीतून हात बाहेर काढू नये, अशी पाटी असते आणि प्रत्येकाने तो काढलेला असतो! तळहात आडवा धरला की वारा नुसता कापला जातो. पुढची कड किंचित उचलली की हात वर ढकलला जातो. पण फार उचलली तर वर जाणं थांबतं आणि हात मागे रेटला जातो. पंखाचंही असंच आहे. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातल्या कोनावर सगळा खेळ चालतो.

शिकाऱ्याला बहुधा सेस्ना १७२ सारखं चार आसनी विमान मिळतं. तो डावीकडे बसतो, शिक्षक उजवीकडे. सुकाणू ओढलं की नाक वर, ढकललं की खाली. फिरवलं की विमान कलतं आणि कललं की वळतं. नवखा माणूस सुकाणू घट्ट आवळतो आणि विमान डुलू लागतं. शिक्षक सांगतात, हात सोडा. नीट ‘ट्रिम’ केलेलं विमान आपलं आपण सरळ जातं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे पचायला जड जातं. आम्हाला प्रत्येक गोष्टीत हात घालायची खोड!

आता महत्त्वाचं. कोन साधारण पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला की हवा पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला धरून वाहत नाही, सुटते. उचल एकदम घटते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारीत स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं. विमानात मात्र इंजिन उत्तम चालू असतानाही स्टॉल होतो. उलट, इंजिन बंद पडलं तरी हे विमान दगडासारखं कोसळत नाही. एक किलोमीटर उंचीवरून, वारा नसेल तर, साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं.

स्टॉलमध्ये विमान खाली जाऊ लागलं की मन म्हणतं, नाक वर ओढा. नेमकं तेच घातक, कारण त्याने कोन आणखी वाढतो. उपाय उलटा : नाक खाली करून आधी कोन कमी करायचा, इंजिनाचा जोर वाढवायचा, मग सावरायचं. उंचीवर यासाठी वेळ असतो. उतरण्यापूर्वी धावपट्टीकडे वळताना तो नसतो. शिवाय उंची राखून साठ अंश कलून वळताना पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग चाळीस टक्क्यांहून अधिक वाढतो. तिथे अनेकांचे जीव गेले आहेत.

खासगी परवान्यासाठी भारतात काय नि जपानात काय, किमान चाळीस तासांचं उड्डाण लागतं. त्यातला बराचसा वेळ मनाची ही उलटी सवय मोडण्यात जातो.

निनोमियांनी १९१५ साली बांधलेलं ते देऊळ स्वतःच्या कीर्तीसाठी नव्हतं. उडताना प्राण गमावलेल्यांच्या स्मरणार्थ होतं. कुणाला शिकायची हौस असेल तर अवश्य शिकावं, वयाचा बाऊ करू नये. मात्र पहिल्या धड्याचे पैसे भरण्याआधी केइहान रेल्वेने यावाताला एकदा जाऊन यावं.