आपल्या गावात मुली किती?

साताऱ्यात २०११ साली २८५ ‘नकुशीं’ना नवी नावं मिळाली. सांगली जिल्ह्यात २००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८५१च मुली होत्या. आपल्या गावाचं काय? आपणच शोधू.

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत या वयाची मुलं-मुली गावनिहाय दिलीत. संकेतस्थळावर ती मोफत मिळते. पण ते आकडे २०११चे. आजच्यासाठी अंगणवाडीताईंची यादी बघू. ग्रामपंचायतीची जन्मनोंद पुरत नाही. बाळ तालुक्याच्या दवाखान्यात जन्मलं, तर नोंद तिथंच होते.

मुलींच्या संख्येला हजारानं गुणून मुलग्यांच्या संख्येनं भागायचं. गाव लहान असेल, तर दोन-चार मुलांनीही आकडा हलतो. म्हणून शेजारची गावंही मिळवू. मग महिला ग्रामसभेत तो मांडू.