अवयव-प्रत्यारोपण आणि प्रतिकारशक्तीचे दमन : प्रश्न मात्रेचा

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले. केपटाऊन येथील डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेस तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला; त्याचा मृत्यू अवयव नाकारला गेल्यामुळे झाला नव्हता. तथापि जगभर ज्यांनी हे पहिले तास ओलांडले, त्यांपैकी बहुतेकांना पुढे अस्वीकृतीने किंवा जंतुसंसर्गाने गाठले आणि सत्तरच्या दशकात बहुतेक केंद्रांनी ही शस्त्रक्रिया थांबविली. शल्यकौशल्य होते, औषध अपुरे होते. या औषधांचे कार्य व ती घेताना होणाऱ्या चुका यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रक्तातील टी-पेशी परक्या पेशींवरील प्रथिने ओळखतात, इंटरल्यूकिन-२ हे द्रव्य निर्माण करतात आणि त्याच्या प्रभावाने स्वतःची संख्या वाढवून अवयवावर हल्ला चढवितात. बोस्टन येथे १९५४ साली झालेले मूत्रपिंड-प्रत्यारोपण यशस्वी झाले, कारण दाता व रुग्ण एकरूप जुळे भाऊ होते. इतरांसाठी साठच्या दशकात अॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड यांचा आधार घेतला गेला. मात्र त्यांचे दमन सरसकट होते. खरा पालट सायक्लोस्पोरिनने घडविला. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यातील बुरशीपासून हे द्रव्य मिळाले. शोध बुरशीनाशकाचा चालला होता, हे विशेष! अमेरिकेत १९८३ मध्ये त्यास मान्यता मिळाली. जपानमधील मातीतील जिवाणूपासून १९८४ मध्ये मिळालेले टॅक्रोलिमस आज अधिक वापरले जाते. दोन्ही औषधे टी-पेशीतील कॅल्सिन्युरिन हे विकर रोखतात. परिणामी इंटरल्यूकिन-२ पुरेसे तयार होत नाही.

अडचण मात्रेची आहे. प्रमाण घटले तर अवयव धोक्यात येतो. वाढले तर संसर्ग, मधुमेह, कंप यांचा धोका वाढतो, आणि ज्या मूत्रपिंडासाठी औषध घ्यायचे त्यालाच ते इजा करते. म्हणून रक्तातील टॅक्रोलिमसची पातळी वेळोवेळी तपासतात. हे रक्त सकाळची मात्रा घेण्यापूर्वी द्यावयाचे असते. रत्नागिरीहून रात्रीच्या कोकणकन्येने मुंबईस तपासणीसाठी जाणाऱ्याने सकाळची गोळी सवयीने गाडीतच घेतली, तर अहवालात पातळी फसवी, वाढलेली दिसते आणि त्यावरून मात्रा विनाकारण कमी होऊ शकते. एवढी साधी सूचना रुग्णाला लेखी मिळावयास हवी, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. प्रकृती ठणठणीत आहे, मग गोळ्या कशाला, असे रुग्णास व कुटुंबास वाटू लागते. त्यात खर्चाचा भार असतोच. परंतु टी-पेशींच्या दृष्टीने तो अवयव दहा वर्षांनंतरही परकाच असतो. अस्वीकृती प्रारंभी वेदनारहित असू शकते. रक्तातील क्रिएटिनिन वाढल्यावरच ती लक्षात येते.

इतर औषधांकडेही लक्ष हवे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चालना देऊन टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने उतरविते. उलट काही फळे हीच विकरे रोखतात. ग्रेपफ्रूट कोकणात सहसा मिळत नाही, म्हणून त्याविषयीचा इशारा येथे निरर्थक वाटतो. पण त्याच कुळातील पपनस गणपतीच्या दिवसांत घरोघरी येते, आणि पपनसामुळे मूत्रपिंड-प्रत्यारोपित रुग्णाच्या रक्तातील टॅक्रोलिमस वाढल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.