बावीस भागांचे बिऱ्हाड

सासू, सून, दीर, जाऊ आणि कपाटाच्या किल्ल्या, एवढे असले म्हणजे कौटुंबिक मालिका झाली, अशी आपल्याकडे समजूत आहे. अमेरिकेत एन.बी.सी. वाहिनीवर सप्टेंबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'द न्यू नॉर्मल' या विनोदी मालिकेतले कुटुंब मात्र कोणत्याही रेशनकार्डावर बसले नसते.

ब्रायन आणि डेव्हिड हे लॉस एंजेलिसमधील दोन पुरुष, एकमेकांचे जोडीदार. ब्रायन टी.व्ही. मालिका काढणारा, डेव्हिड बाळंतपणाचा डॉक्टर. त्यांना मूल हवे आहे. इकडे ओहायो राज्यातली तरुण गोल्डी, नवऱ्याचे बाहेरचे प्रकरण उघडे पडताच आपल्या लहानग्या शानियाला घेऊन कॅलिफोर्निया गाठते. तिला वकील व्हायचे आहे. शिकायला पैसा लागतो, म्हणून ती या दोघांचे मूल पोटात वाढवून द्यायला तयार होते. स्त्रीबीज दुसऱ्याच बाईचे, कूस गोल्डीची. पाठोपाठ गोल्डीची आजी जेन येऊन थडकते आणि बाळाच्या निमित्ताने ही सारी मंडळी एकमेकांच्या घरात वावरू लागतात.

जेन तोंडाची फटकळ. काळे, ज्यू, समलिंगी, कोणीच तिच्या तडाख्यातून सुटत नाही. एलन बार्किन या नटीने ही भूमिका इतक्या तब्येतीने केली की, हशा बहुतेक तिलाच मिळतो. इथेच आम्हांला खटकते. पूर्वग्रह असणाऱ्याची टिंगल चालली आहे की त्याच्या तोंडून आपल्याच मनातले ऐकून लोक हसताहेत? १९७१ ते १९७९ या काळात गाजलेल्या 'ऑल इन द फॅमिली' मालिकेतील आर्ची बंकरबद्दलही हाच वाद झाला होता. ज्यांना नावे ठेवली जातात त्यांना विनोद म्हणजे काय, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही एक प्रसंग आम्ही मोलाचा मानतो. बाळासाठी कपडे घ्यायला हे दोघे बाजारात जातात, तिथे सहज एकमेकांचे चुंबन घेतात, तर एक गृहस्थ आपल्या मुलीदेखत हे नको म्हणून अंगावर येतो. पैसा आहे, शिक्षण आहे, बंगला आहे, पण भर दुकानात मान खाली घालावी लागतेच. आपल्या वाचकांना या प्रसंगाची फोड करून सांगायला नको.

मालिकेचे एक निर्माते रायन मर्फी स्वतः समलिंगी. डिसेंबर २०१२ मध्ये, मालिका चालू असतानाच, त्यांना आणि त्यांच्या जोडीदाराला अशाच रीतीने मुलगा झाला. विरोध तर पहिल्या भागाआधीच सुरू झाला होता. सॉल्ट लेक सिटीतील मॉर्मन चर्चच्या मालकीच्या के.एस.एल. केंद्राने मालिका दाखवायलाच नकार दिला, तेव्हा त्याच शहरातल्या दुसऱ्या केंद्राने ती घेतली. 'वन मिलियन मॉम्स' या गटाने बहिष्काराची हाक दिली.

गोल्डीच्या बाजूने मात्र मालिका फारशी खोलात शिरत नाही. श्रीमंताचे मूल वाढवायला कूस गरिबाचीच का, हा प्रश्न हसण्यावारी जातो. त्या वर्षी हा प्रश्न आपल्याकडेही होताच. आणंद, मुंबई येथील दवाखान्यांत परदेशी जोडप्यांसाठी गरीब घरच्या बायका हेच करीत होत्या. २०१२ मध्ये केंद्र सरकारने व्हिसाचे नियम बदलले आणि विवाहित स्त्री-पुरुषांखेरीज इतर परदेशी पाहुण्यांना दार बंद झाले. पुढे २०२१ च्या कायद्याने पैसे घेऊन मूल वाढवून देणेच बंद केले. कायदा झाला, पण ज्या बाईने त्या पैशावर पोरांची फी भरली होती तिच्यासाठी दुसरे काम कोणी काढले नाही. असो.

मालिका तग धरू शकली नाही. प्रेक्षक आटले. २ एप्रिल २०१३ रोजी बावीसावा आणि शेवटचा भाग झाला. त्यात बाळ जन्मते आणि ब्रायन-डेव्हिडचे लग्नही लागते. त्या दिवशी कॅलिफोर्नियात अशा लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. २००८ च्या सार्वमताने ती काढून घेतलेली होती आणि त्यावरचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात आठवड्यापूर्वीच झाला होता. मे महिन्यात वाहिनीने मालिका बंद केल्याचे जाहीर केले. निकाल आला २६ जून रोजी, आणि दोन दिवसांत कॅलिफोर्नियातील कचेऱ्यांत खरी लग्ने पुन्हा लागू लागली.