घरखर्चाचाही रोजमेळ जुळावा

व्यापारी कुटुंबात दुकानाचा रोजमेळ दररोज जुळवला जातो. घरखर्चाचा मात्र क्वचितच. वीज, गॅस, पाणी, दूरध्वनी यांची देयके आता ‘भारत कनेक्ट’ या राष्ट्रीय व्यवस्थेद्वारे एकाच ठिकाणी भरता येतात. दरमहाच्या देयकांसाठी बँकेला कायमची संमतीही देता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना मिळते. सर्वसाधारण देयक १५,००० रुपयांहून अधिक असल्यास पुन्हा संमती लागते.

सोय मोठी आहे. परंतु आपोआप जाणारा पैसा नजरेआडही होतो. वापरात नसलेल्या सेवेची वर्गणी महिनोन्महिने कापली जाते. म्हणून हिशेबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक देयक खर्ची लिहावे आणि महिनाअखेरीस बँकेच्या उताऱ्याशी ताळा करावा. दिलेल्या संमतींची यादी घरातील दुसऱ्या जाणत्या व्यक्तीलाही ठाऊक असावी. कर्ता अंथरुणाला खिळला, तर कोणते देयक कोठून जाते हे इतरांना कळले पाहिजे.

भोगोपभोगपरिमाण व्रतात उपभोगाची मर्यादा श्रावक-श्राविकांनी स्वतःच आखायची असते. ती आखण्यासाठी खर्च आधी डोळ्यांसमोर हवा.