यंत्राचं श्रुतलेखन : बोलून लिहिलेला रिपोर्ट

वर्गात आपण श्रुतलेखन घेतो. आपण बोलतो, मुलं ऐकून लिहितात आणि मग आपण वही तपासतो. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय यांचे रिपोर्टही अनेक ठिकाणी असेच तयार होतात. फक्त लिहिणारा विद्यार्थी नसतो, संगणक असतो.

या प्रतिमा वाचणाऱ्या डॉक्टरांना रेडिओलॉजिस्ट म्हणतात. त्यांची नजर पडद्यावर हवी, टाइप करायला गेलं की ती हटते. म्हणून पूर्वी ते टेपवर बोलून ठेवायचे आणि टायपिस्ट ऐकून टाइप करायचे. आता माइकमध्ये बोललं की अक्षरं लगेच उमटतात.

हे होतं कसं? संगणक आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतो, ते अंकांत बदलतो आणि ध्वनी ओळखतो. मग आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे पाहून शब्द निवडतो. म्हणजे तो आपल्यासारखा अर्थ समजून लिहीत नाही, अंदाज बांधतो. १९५२ साली अमेरिकेच्या बेल लॅब्जमधलं ‘ऑड्रे’ हे यंत्र फक्त शून्य ते नऊ हे अंक ओळखायचं. २०१७ पासून गूगलवर मराठीतही बोलून टाइप करता येतं. प्रगती मोठी आहे, पण अंदाज तो अंदाजच!

रिपोर्ट बहुधा इंग्रजीत असतो. ‘नो फ्रॅक्चर’मधला ‘नो’ गळाला, तर धडधाकट हाड कागदावर मोडतं. ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘हायपर’ म्हणजे जास्त. ऐकायला जवळचे, अर्थाने उलटे. मिलिमीटरचं सेंटिमीटर झालं, तर गाठ दहापट मोठी! असे शब्द शब्दकोशात बरोबरच असतात, त्यामुळे स्पेलिंग तपासून ही चूक सापडत नाही. म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचणं हाच खरा उपाय.

आपल्या कळंबहून कुणी तपासणीसाठी लातूर-बार्शीला गेलं, तर रिपोर्ट हातात आल्यावर एवढं पाहा: नाव, वय, तारीख, डावी बाजू की उजवी. शंका आली तर तिथेच विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

वर्गात एक उपक्रम घ्या. मोबाइलला मराठीत सांगा, “हाडाला तडा गेलेला नाही.” पंख्याखाली, गोंगाटात, वेगवेगळ्या मुलांच्या आवाजात हेच वाक्य म्हणून बघा. काय उमटलं ते फळ्यावर लिहा. मग विचारा, “यातला एक शब्द गळाला तर काय होईल?”

लिहून झाल्यावर एकदा वाचून बघ, असं आपण का सांगतो, ते मुलांना त्या दिवशी नक्की पटेल.