उन्हाळी वनस्पती-सर्वेक्षण आणि दुर्मिळतेचा निर्णय

वनस्पतिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी सलग सवड मिळते ती बहुधा उन्हाळ्याच्या सुटीत. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंतचे हे सहा-सात आठवडे होत. या काळात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथून एखादा प्रशिक्षार्थी वेरूळ, म्हैसमाळ, दौलताबाद किंवा कन्नडच्या पलीकडील गौताळ्याच्या डोंगरात देशी वनस्पतींच्या दुर्मिळ जातींची नोंद करण्यासाठी जातो, तेव्हा त्याच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहते. ज्या वनस्पती शोधावयाच्या, त्यांपैकी पुष्कळशा त्या वेळी जमिनीवर नसतातच. त्या जमिनीखाली असतात. अशा स्थितीत केलेल्या सर्वेक्षणाला काय अर्थ आहे, त्याच्या आधारे कोणते विधान करता येते व कोणते करता येत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऋतुमान आणि वनस्पतींचे दर्शन

या प्रदेशातील भूमी दख्खनच्या काळ्या कातळाची आहे. पठारांच्या माथ्यावर मातीचा थर जेमतेम असतो. उतारावर मुरूम आणि दगडगोटे. पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. ज्या जागी पाणी चार महिने मिळते आणि आठ महिने मिळत नाही, त्या जागी टिकून राहण्याचे मार्ग थोडेच आहेत. मोठे वृक्ष पाने गाळतात. वर्षायू वनस्पती बीजरूपाने उन्हाळा काढतात. बहुवर्षायू लहान वनस्पतींपैकी अनेक आपला संचय कंदात साठवून वरचे सर्व अंग सोडून देतात.

प्रदेशनिष्ठ, म्हणजे विशिष्ट भूभागाबाहेर निसर्गतः न आढळणाऱ्या, जातींपैकी बऱ्याच या शेवटच्या वर्गातील आहेत, ही गोष्ट सर्वेक्षणाच्या दृष्टीने फार महत्त्वाची होय. सिरोपेजिया ही प्रजाती याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या भारतातील जातींपैकी निम्म्याहून अधिक भारताबाहेर आढळत नाहीत आणि त्यांतील अनेक सह्याद्री व त्याच्या लगतच्या डोंगरांत मर्यादित आहेत. फुलाची लांब नळी, तिच्या तळाशी असलेला फुगवटा आणि त्यात काही काळ अडकून पडणाऱ्या लहान माश्यांकडून होणारे परागण, ही या प्रजातीची वैशिष्ट्ये सर्वश्रुत आहेत. परंतु ती पाहावयाची तर श्रावण-भाद्रपदात गेले पाहिजे. वैशाखात त्याच जागी गेलेल्या निरीक्षकाला वाळलेले गवत आणि तापलेला खडक याखेरीज काही दिसत नाही.

मांसल वनस्पतींचीही अशीच कथा आहे. जुन्नरजवळच्या डोंगरावरून डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात वर्णिलेली फ्रेरिया इंडिका, म्हणजेच शिंदळ माकुडी, ही कड्यांवर वाढणारी महाराष्ट्राची प्रसिद्ध प्रदेशनिष्ठ वनस्पती होय. पावसाळ्यात तिला पाने येतात. कोरड्या दिवसांत ती गळतात आणि मागे राहतात केवळ जाड, हिरवट खोडे. अशा पर्णहीन अवस्थेत ती माकडशिंगीसारख्या दुसऱ्या मांसल वनस्पतीपासून ओळखण्यास सरावलेली दृष्टी लागते. म्हणजे उन्हाळ्यात काही वनस्पती दिसत नाहीत, तर काही दिसूनही ओळखता येत नाहीत.

न दिसणे आणि नसणे

या दोहोंतील भेद साध्या गणिताने स्पष्ट करता येतो. एखाद्या जागी एखादी जाती खरोखर वाढते आहे असे समजा, आणि योग्य ऋतूतील एका फेरीत ती निरीक्षकाच्या दृष्टीस पडण्याची शक्यता दहांत तीन आहे असे धरा. मग ती एका फेरीत न दिसण्याची शक्यता दहांत सात. लागोपाठ तीन फेऱ्यांत न दिसण्याची शक्यता ०·७ × ०·७ × ०·७, म्हणजे सुमारे ३४ टक्के. याचा अर्थ असा की, तीन फेऱ्या करून ‘येथे ही जाती नाही’ असे लिहिणारा निरीक्षक अशा प्रकारच्या तीन जागांपैकी एका जागी चुकीचे लिहीत असतो. ही चूक ५ टक्क्यांच्या आत आणावयाची तर नऊ फेऱ्या कराव्या लागतात. निरीक्षक कुशल असेल, वनस्पती फुललेली असेल आणि त्यामुळे ती दिसण्याची शक्यता दहांत सहा झाली, तर चार फेऱ्या पुरतात.

हे गणित एक अट गृहीत धरते : दिसण्याची शक्यता शून्याहून अधिक असली पाहिजे. कंदरूपाने जमिनीखाली असलेल्या वनस्पतीच्या बाबतीत मे महिन्यात ती जवळजवळ शून्य असते. तेव्हा चार फेऱ्या करा की चाळीस करा, ‘नाही’ या शब्दाला पुराव्याचे बळ येत नाही. उन्हाळी सर्वेक्षणाचा मुख्य दोष परिश्रमाच्या अभावात नसून काळाच्या निवडीत आहे, हे यावरून ध्यानात येईल.

नोंदींतील जुनी पोकळी

मराठवाड्याच्या बाबतीत या दोषाला आणखी एका कारणाने गांभीर्य येते. पश्चिम भारतातील वनस्पतींचा आधारग्रंथ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. नावाप्रमाणेच त्याची कक्षा इलाख्यापुरती होती. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अर्थात तो या कक्षेबाहेर राहिला. राजकीय सीमा डोंगरावरून गेली होती, वनस्पतींना मात्र तिची वार्ता नव्हती. कन्नडहून औट्रम घाटाने चाळीसगावकडे उतरणारा आज जो डोंगर पाहतो, त्याची उत्तरेकडील बाजू तेव्हा खानदेशात, म्हणजे इलाख्यात होती आणि दक्षिणेकडील पठार संस्थानात होते. एकाच रांगेच्या दोन अंगांचा ग्रंथगत इतिहास त्यामुळे निराळा झाला.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. त्यानंतरच्या दशकांत या प्रदेशाच्या वनस्पतींचा पद्धतशीर अभ्यास उभा राहिला. वि. ना. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याचा वनस्पतिकोश १९७९ मध्ये आणि सर्व मराठवाड्याचा द्विखंडात्मक वनस्पतिकोश १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुक यांच्या अखेरच्या भागापासून हे अंतर नव्वद वर्षांचे आहे. ज्या जातीच्या मराठवाड्यातील नोंदी थोड्या आहेत, ती येथे खरोखर थोडी आहे की तिला पाहणारे थोडे होते, हा प्रश्न म्हणूनच येथे प्रत्येक वेळी विचारावा लागतो. अशा प्रदेशात चुकीच्या ऋतूत लिहिलेले ‘नाही’ जुन्या पोकळीवर नव्या अज्ञानाचे शिक्कामोर्तब करते.

दुर्मिळ म्हणजे काय

‘दुर्मिळ’ हा शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यात निदान तीन गोष्टी मिसळलेल्या असतात. डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ मध्ये त्या वेगळ्या करून दाखविल्या : भौगोलिक विस्तार मोठा की लहान, अधिवास अनेक प्रकारचे की एकच, आणि जेथे जाती आढळते तेथे तिची संख्या विपुल की तुटपुंजी. या तिन्हींच्या संयोगातून आठ शक्यता निर्माण होतात. त्यांपैकी एकच पूर्णतः सामान्य जातीची असून उरलेल्या सात दुर्मिळतेच्या आहेत. कड्याच्या एकाच प्रकारच्या कपारीत वाढणारी परंतु तेथे दाट असलेली जाती आणि सर्वत्र विखुरलेली परंतु कोठेही एक-दोनच सापडणारी जाती, या दोन्ही दुर्मिळ खऱ्या. पण त्यांना असलेला धोका आणि त्यांच्या रक्षणाचा उपाय एक नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्गरक्षण संघाच्या २००१ च्या निकषांत हा विचार आकड्यांत उतरला आहे. उदाहरणार्थ, केवळ संख्येच्या निकषावर ज्या जातीचे प्रौढ घटक पन्नासांहून कमी आहेत ती अतिसंकटग्रस्त आणि अडीचशेहून कमी आहेत ती संकटग्रस्त मानली जाते. ज्यांच्याविषयी पुरेशी माहिती नाही अशा जातींसाठी मात्र वेगळा वर्ग राखून ठेवला आहे. ‘माहिती अपुरी’ हा शेरा दुर्मिळतेचा पर्याय नव्हे, हे येथे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. एका प्रशिक्षार्थीची एका सुटीतील टिपणे एखाद्या जातीला कोणत्याही वर्गात बसवू शकत नाहीत. परंतु पुढे तसे करणाऱ्याला ती आधार देऊ शकतात, जर ती प्रामाणिकपणे लिहिलेली असतील तर.

उन्हाळ्यात होण्याजोगे काम

मग उन्हाळ्यातील सवड वाया गेली असे समजावे काय? तसे मुळीच नाही. काही कामे याच ऋतूत उत्तम होतात. पानझडी वृक्षांची गणना त्यांपैकी पहिली. पांढुरक्या खोडाचा कांडोळ दुरूनही ओळखू येतो. त्याच्या डिंकासाठी खोडाला किती घाव घातले गेले आहेत, तेही याच वेळी मोजता येते. पर्णहीन फांद्यांवर फुललेला गणेर उन्हाळ्याच्या आरंभी लपून राहत नाही. रानकांद्याचा फुलोरा तर पानांच्या आधी, कोरड्या जमिनीतून वर येतो. त्याची नोंद पावसाळ्यात करू गेल्यास फुलांची संधी हुकलेली असते.

दुसरे काम अधिवासाच्या नोंदीचे. गवत वाळल्यावर खडकाची ठेवण, मातीची खोली, ओहोळांचे मार्ग आणि वणव्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. गुरांचा वावर, मुरूम उपशाच्या जागा, घाणेरीसारख्या परकीय झुडपांनी व्यापलेले उतार, हे सारे नकाशावर टिपावे. ठराविक मापाचे चौकोन आखून त्यांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत, म्हणजे पहिल्या पावसानंतर व पुन्हा भाद्रपदात त्याच जागी जाता येईल.

तिसरे काम विद्यापीठातील वनस्पतिसंग्रहाचे. वाळवून चिकटवलेल्या प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि संग्राहक लिहिलेला असतो. एखाद्या जातीच्या सर्व चिठ्ठ्यांतील महिने एकत्र मांडले की, ती केव्हा फुलते व केव्हा फळते याचे कोष्टक आपोआप तयार होते. क्षेत्रात पाऊल टाकण्यापूर्वी हे कोष्टक हाती असणे, ही सर्वेक्षणाची खरी पूर्वतयारी होय.

चौथे काम माणसांचे. डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांतील गुराखी आणि रानभाज्या गोळा करणाऱ्या स्त्रिया, कोणता कंद कोठे व कोणत्या नक्षत्रात वर येतो हे जाणतात. त्यांचे नाव आणि शास्त्रीय नाव एकास एक जुळतेच असे नाही. एकाच देशी नावाखाली दोन-तीन जाती सामावलेल्या असू शकतात. म्हणून ऐकलेले नाव जसेच्या तसे लिहावे आणि त्याची ओळख फुलावरून पटेपर्यंत थांबावे.

संग्रहाची मर्यादा

एक मोह येथे आवर्जून सांगितला पाहिजे. वरती काही दिसत नाही, तेव्हा कंद खणून पाहण्याची इच्छा होते. सिरोपेजियाच्या काही जातींचे कंद खाल्ले जातात. कळलावीचे कंद औषधासाठी काढले जातात. या ओझ्यात अभ्यासकाने आपली भर घालू नये. ज्या जागी दहा-बारा रोपे असतील, तेथे एक कंद उपटणे म्हणजे त्या समूहाचा लक्षणीय भाग नाहीसा करणे होय; आणि बहुतेक वेळा फुलावाचून त्या कंदाची जाती ठरतही नाही. गौताळा-औट्रमघाट हे १९८६ मध्ये घोषित झालेले अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार तेथे अभ्यासासाठी जाण्यास वनखात्याची अनुज्ञा लागते आणि तिच्यावाचून काहीही तोडणे वा उपटणे निषिद्ध आहे. छायाचित्र, मोजमाप आणि स्थळाची अचूक नोंद यांनी बहुतेक कार्यभाग साधतो. ही अचूक नोंदही संग्रहालयाच्या दप्तरात राहावी. अतिदुर्मिळ वनस्पतीचा ठावठिकाणा सर्वत्र जाहीर करणे म्हणजे तो खणणाऱ्याच्या हाती देणे होय.

उपसंहार

सारांश, उन्हाळी सर्वेक्षणाच्या अहवालात ‘अमुक जाती येथे नाही’ हे वाक्य असू नये. त्याऐवजी कोणत्या तारखांना, किती फेऱ्यांत, किती क्षेत्रात, कोणत्या अवस्थेतील वनस्पती पाहिल्या व कोणती जाती आढळली नाही, हे लिहावे. पहिले वाक्य निर्णय देते आणि पुढचा शोध थांबविते. दुसरे पुरावा देते आणि पुढच्या अभ्यासकाला नेमके केव्हा यावयाचे ते सांगते. विद्यापीठाचे वेळापत्रक आणि वनस्पतींचे वेळापत्रक जुळत नाही, ही वस्तुस्थिती आहे. म्हणूनच ज्येष्ठात आखलेले चौकोन भाद्रपदात पुन्हा पाहण्याची सोय विभागाने करून दिली पाहिजे. ज्या प्रदेशाच्या वनस्पतींना ग्रंथात येण्यासाठी नव्वद वर्षे थांबावे लागले, त्या प्रदेशात आणखी तीन महिने थांबून पाहणे हा फार मोठा विलंब नव्हे.